मास्तरांची पदवी : शिक्षकांच्या शिक्षणाचा इतिहास आणि आमचा धर्मग्राम

ज्युबिलीच्या अंकांत देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा कोणत्या सालीं चढविली, कोणते धर्मगुरू केव्हां आले आणि केव्हां बदलून गेले, ही हकीकत यावयाचीच. ती या अंकांत अन्यत्र आली आहे व वाचकांनीं ती अवश्य वाचावी. आमच्या वांट्यास आलेलीं पानें मात्र आम्हीं एका निराळ्या विषयास द्यावयाचें ठरविलें आहे. आमच्या धर्मग्रामांतील वृद्ध मंडळी आपल्या घराण्याची ओळख करून देतांना "आमचे आजोबा मास्तर होते" असें सांगतात. "आमच्या आजोबांची एवढी जमीन होती" असें सांगणारा आम्हांस क्वचितच भेटला. (जमीन नव्हतीच, हेंही एक कारण आहे.) तेव्हां हा मास्तर मास्तर कसा झाला, त्यास शिकवावयास कोणीं शिकविलें, आणि आज त्याच्या नाती-पणती ज्या पदवीसाठीं पुण्याच्या विद्यापीठाकडे डोळे लावून बसतात ती बी. एड. ची पदवी कोठून आली, हें पाहण्यासारखें आहे.

हा प्रश्न निव्वळ इतिहासाचा असता तर आम्हीं तो इतिहासकारांवर सोपविला असता. परंतु गेल्या वर्षभरांत निरनिराळ्या चार घरांतील आईबापांनीं मिस्सेनंतर आमच्याजवळ येऊन विचारिलें कीं, "फादर, मुलीला बी. एड. करावयास घालूं काय? दोन वर्षें जातील, पैसा जाईल, आणि नोकरी तर लागत नाहीं म्हणतात." या प्रश्नास एका वाक्यांत उत्तर देतां येत नाहीं, म्हणून हा लेख.

शिकविणारास आधीं शिकवावें, ही कल्पना आज कोणासही स्वाभाविक वाटेल. पण ती फार जुनी नाहीं. पूर्वीं अशी समजूत असे कीं, ज्यास विषय येतो त्यास तो शिकवितांही येतो. फ्रान्समधील रेंस शहरीं सतराव्या शतकांत जाँ बाप्तिस्त द ला साल नांवाचे धर्मगुरू होते. घराणें श्रीमंत, आणि मुख्य देवळांतील कॅननचें मानाचें पद. गरिबांच्या शाळांतील मास्तरांची दैना पाहून त्यांनीं त्या मास्तरांस प्रथम आपल्या घरीं जेवावयास बोलाविलें, मग राहावयास आणिलें. घरच्या मंडळींस हें मुळींच आवडलें नाहीं. १६८३ सालीं त्यांनीं कॅननपद सोडलें, आणि पुढें दुष्काळ पडला तेव्हां आपली संपत्ति अन्नदानांत खर्चून टाकिली. त्याच दशकांत त्यांनीं खेड्यांतील शाळामास्तर तयार करण्यासाठीं एक स्वतंत्र संस्था काढिली. मुलांस आधीं लॅटिन न शिकवितां त्यांच्या बोलींत, म्हणजे फ्रेंच भाषेंत, वाचावयास शिकवावें, हाही त्यांचाच आग्रह. १९०० सालीं त्यांस संतपद मिळालें व १९५० सालीं परमगुरू बारावे पायस यांनीं त्यांस शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलें. खेड्यांतील मास्तर हा ख्रिस्तसभेच्या काळजीचा विषय आहे, ही गोष्ट आमच्या मिशनऱ्यांनीं नगर जिल्ह्यांत येऊन शोधून काढिली नव्हती, एवढें यावरून ध्यानांत यावें.

आपल्या इकडे पंतोजींच्या शाळा होत्या. धूळपाटी, मोडी अक्षर, उजळणी आणि छडी, इतक्या साहित्यावर पंतोजींचा संसार चाले. वेतन बहुधा धान्याचें. या शाळांत मोठा मुलगा लहान मुलास शिकवी. १७८९ च्या सुमारास मद्रासेंतील अनाथाश्रमाचे अधिकारी डॉ. अँड्र्यू बेल यांनीं मुलें वाळूंत अक्षरें गिरवितांना पाहिलीं, ती युक्ति आपल्या शाळेंत चालविली, आणि तिजवर पुस्तक लिहून ती विलायतेस नेली. तेथें बेल व लँकेस्टर यांच्या नांवानें ती गाजली, आणि कांहीं वर्षांनीं तीच नवी सुधारणा म्हणून जहाजांत बसून मुंबईस परत आली. आपला कापूस जाऊन कापड होऊन येई, तसाच हा प्रकार.

मुंबई इलाख्यांत गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या कारकीर्दींत, १८२२ सालीं, शाळा व शालोपयोगी पुस्तकें यांसाठीं एक मंडळी स्थापन झाली. तिनें मास्तर तयार करण्याचें काम हातीं घेतलें आणि १८२६ सालीं शिकवून तयार झालेले २४ मास्तर इलाख्यांतील ठिकठिकाणच्या शाळांवर पाठविले. सबंध इलाख्यांत चोवीस! पुढें मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें अध्यापनाचा वर्ग निघाला व 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांजकडे त्याची व्यवस्था आली. परंतु १८४६ सालीं ते ऐन तारुण्यांत वारले. अशा वर्गास तेव्हां 'नॉर्मल क्लास' म्हणत. आमच्या कांहीं तरुण वाचकांस हा शब्द विचित्र वाटेल. इतर वर्ग काय 'ॲबनॉर्मल' होते, असें एकानें आम्हांस विचारिलेंही. फ्रेंच भाषेंत 'नॉर्म' म्हणजे नमुना. जेथें शिकविण्याचा नमुना दाखवितात ती नॉर्मल शाळा.

येथें आमच्या जिल्ह्याचा संबंध येतो, आणि तो लहानसहान नाहीं. सिंथिया फॅरार या अविवाहित अमेरिकन मिशनरी बाई १८२७ सालीं हिंदुस्थानांत आल्या व पुढें नगरास राहून मुलींच्या शाळा चालवूं लागल्या. त्या प्रॉटेस्टंट मिशनच्या; म्हणून त्यांचें नांव घेण्यास आम्हीं संकोच करावा असें आम्हांस वाटत नाहीं. त्यांच्या शाळा पाहून जोतीराव फुले यांस मुलींची शाळा काढण्याची स्फूर्ति झाली, आणि सावित्रीबाई फुले यांनीं शिकविण्याचें शिक्षण नगरास फॅरारबाईंपाशीं व पुण्यास मिचेलबाईंच्या नॉर्मल शाळेंत घेतलें. १८४८ सालीं पुण्यांत भिडे वाड्यांत जी शाळा उघडली तिच्या शिक्षिकेच्या पाठीशीं हें शिक्षण होतें. सावित्रीबाई पहिल्या शिक्षिका, हें सर्व सांगतात. शिकविण्याचें रीतसर शिक्षण घेतलेल्या त्या शिक्षिका होत्या, हें मात्र सांगावयाचें राहून जातें. आमच्या मतें थोर गोष्ट ही दुसरी होय. अंगावर शेण पडत असतां वर्गांत उभें राहण्यास धैर्य लागतें. पण वर्गांत उभें राहिल्यावर काय करावें हें माहीत असावें लागतें.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानें शिक्षक तयार करण्याच्या शाळा काढण्याविषयीं सरकारास बजाविलें. पुण्याचें ट्रेनिंग कॉलेज त्या सुमारापासून नांवारूपास आलें. तेथें कृष्णशास्त्री चिपळूणकर मुख्य होते. मेरी कार्पेंटर बाईंच्या खटपटीनंतर १८७० च्या सुमारास पुण्यांत स्त्रियांसाठींही ट्रेनिंग कॉलेज निघालें. मराठी शाळेंतील व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा उतरावयाची, कांहीं दिवस असिस्टंट म्हणून काढावयाचे, मग ट्रेनिंगला जाऊन पहिलें, दुसरें, जमल्यास तिसरें वर्ष पुरें करावयाचें, अशी ही पायरीपायरीची वाट होती. 'तिसऱ्या वर्षाचा ट्रेंड' म्हटला कीं त्या मास्तरापुढें गांवचा पाटीलही जरा जपून बोले.

या वाटेवर कोणास चालूं द्यावयाचें, हा खरा प्रश्न होता. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं जी साक्ष दिली तींत त्यांनीं स्पष्ट मागितलें कीं, प्राथमिक शाळांचे शिक्षक ट्रेनिंग झालेले असावेत, ते शेतकरी वर्गांतूनही यावेत, वेळ पडल्यास नांगराचा रुमणा धरण्याची त्यांस लाज वाटूं नये, आणि त्यांस दरमहा निदान १२ रुपये तरी मिळावेत. त्याच कमिशनपुढें पंडिता रमाबाईंनीं स्त्री-शिक्षिकांच्या ट्रेनिंगची आणि स्त्री-इन्स्पेक्टरांची मागणी केली. नांगरधऱ्यांच्या घरांतून व स्त्रियांतून शिक्षक निर्माण व्हावे ही गोष्ट त्या काळीं लहान नव्हती. आणि नांगरही ज्यांच्या मालकीचा नव्हता अशा, गांवकुसाबाहेरील घरांविषयीं तर अजून बोलणेंच नव्हतें.

आतां पदवीकडे येऊं. वरील ट्रेनिंग प्राथमिक शिक्षकाचें. हायस्कुलांतील शिक्षक पदवीधर असे, आणि पदवीधरास शिकवावयास काय शिकवावें, अशी समजूत बरींच वर्षें टिकली. हंटर कमिशनच्या वेळीं माध्यमिक शिक्षकांच्या ट्रेनिंगची सोय उभ्या हिंदुस्थानांत मद्रास व लाहोर या दोनच ठिकाणीं होती. मुंबई मागें होती. लॉर्ड कर्झनच्या १९०४ च्या ठरावानें पदवीधरांस एक वर्षाचें ट्रेनिंग, त्यास जोडून विद्यापीठाची पदवी अगर परवाना, आणि ट्रेनिंग कॉलेजास जोडून सरावाची शाळा, असा आराखडा घालून दिला. १९०६ सालीं मुंबईस सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज उघडलें. तें आजही आहे. अलीकडे तें होमी भाभा राज्य विद्यापीठांत सामील झालें. यापुढें मुंबई विद्यापीठानें बी. टी. ही पदवी सुरू केली, आणि १९३६ सालीं एम. एड. चाही अभ्यासक्रम काढिला. बी. टी. चेंच नांव कालांतरानें बी. एड. झालें. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं जुन्या चौकटींत 'बी. ए., बी. टी.' असें लिहिलेलें छायाचित्र असेल त्यांनीं तें जपावें. तसे फार उरले नाहींत.

असे दोन रस्ते झाले. खालचा रस्ता प्राथमिक मास्तराचा, सरकारी खात्याचा, प्रमाणपत्राचा. वरचा रस्ता हायस्कूल शिक्षकाचा, विद्यापीठाचा, पदवीचा. दोहोंमध्यें जी भिंत उभी राहिली ती अजून पडलेली नाहीं, हें पुढें दिसेल.

आतां ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या आमच्या जिल्ह्यांत जर्मन येशूसंघीय धर्मगुरू एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आले. ज्या लोकांत ते आले त्यांच्या मुलांस सरकारी शाळेंत वर्गाबाहेर ओट्यावर बसावें लागे, तेंही मास्तरची मर्जी असल्यास. म्हणून मिशननें आपली शाळा आपल्याच वस्तींत काढिली. शाळा म्हणजे लिंबाखालची जागा, फार तर कुडाची खोली. रविवारीं तीच प्रार्थनेची जागा. आणि तेथें जो बसविला तो मास्तर.

या मास्तराचें काम काय होतें, याची आजच्या शिक्षकांस कल्पना यावयाची नाहीं. सकाळीं मुलांस बाराखडी व पाढे. सायंकाळीं मोठ्यांस प्रार्थना व धर्मशिक्षण. रात्रीं कंदिलाच्या उजेडांत ज्यांस दिवसा सवड नाहीं त्यांचा वर्ग. बाप्तिस्म्यासाठीं लोकांची तयारी त्यानें करावयाची, मरणाऱ्याच्या उशाशीं त्यानेंच बसावयाचें, कारण फादर घोड्यावरून पंधरा दिवसांनीं येणार. मुंबईच्या गिरणींतून आलेलें पत्र तो वाचून दाखवी आणि उत्तर लिही. सावकाराच्या कागदावर अंगठा उठविण्यापूर्वीं तो कागद आधीं मास्तरास दाखवावा, ही रीत ज्या वस्तींत पडली त्या वस्तींतलीं किती घरें वांचलीं, याचा हिशोब कोणीं ठेविला नाहीं. १९१४ चें महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारनें जर्मन धर्मगुरूंस स्थानबद्ध केलें व पुढें देशाबाहेर पाठविलें. त्यांच्या जागीं कालांतरानें स्विस धर्मगुरू आले. मधल्या त्या वर्षांत खेडोपाडीं प्रार्थना बंद पडली नाहीं, ती या मास्तरांमुळें.

परंतु येथें एक गोष्ट स्पष्ट बोलणें भाग आहे. ज्युबिलीच्या निमित्तानें जुन्या मास्तरांवर फुलें वाहतांना "त्या काळीं डिग्री नव्हती, पण काय शिकवीत!" असें म्हणण्याची प्रथा आहे. आमचें मत निराळें आहे. सर्वच कांहीं चांगलें शिकवीत नसत. कित्येक चौथी पास होते व पांचवीचें गणित त्यांस येत नसे; छडीवांचून दुसरें साधन ठाऊक नव्हतें. मिशनऱ्यांस हें कळत होतें, म्हणूनच हुशार पोरांस बोर्डिंगांत ठेवून फायनलपर्यंत शिकवावें व मग ट्रेनिंगला पाठवावें, असा त्यांचा क्रम होता. ट्रेनिंग होऊन आलेला मास्तर आणि न झालेला मास्तर यांतील भेद वस्तीस ताबडतोब कळे. एकाच्या शाळेंतून मुलें गळत. दुसऱ्याच्या शाळेंतून बोर्डिंगला जात. आमच्या धर्मग्रामांत आज जे नर्स, कारकून, पोलीस, शिक्षक व धर्मभगिनी आहेत, त्यांच्या घराण्यांचा माग काढीत गेलें तर बहुधा तो अशाच एखाद्या ट्रेंड मास्तरापाशीं जाऊन थांबतो.

मास्तरांच्या मुलांनीं खालच्या रस्त्यावरून वरच्या रस्त्यावर यावयाचें म्हटलें तर पूर्वीं मुंबई गांठावी लागे. १० फेब्रुवारी १९४९ रोजीं पुणें विद्यापीठ सुरू झालें. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. नगर, नाशिक व खानदेशापासून थेट कोल्हापुरापर्यंतचा मुलूख त्याच्या कक्षेंत होता. मग १९५८ सालीं मराठवाडा विद्यापीठ झालें, १९६२ सालीं कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ, १९९० सालीं जळगांवीं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. विद्यापीठ मुलखाजवळ आलें म्हणजे फी कमी होते असें नाहीं, परंतु मुलगी रविवारीं घरीं येऊं शकते. आमच्याकडील आईबापांच्या मनांत या गोष्टीचें वजन फार. शिवाय प्रश्नपत्रिकेचें उत्तर मराठींत लिहितां येऊं लागलें. ला साल यांनीं लॅटिनच्या जागीं बोली आणिली, त्याचीच ही दुसरी आवृत्ति म्हणावी. पुण्यांत टिळक शिक्षण महाविद्यालय १९४१ पासूनच होतें. जे. पी. नाईक यांनीं कोल्हापुराकडे गारगोटीस मौनी विद्यापीठ उभारून खेड्याच्या शिक्षणाचा प्रश्न खेड्यांतच बसून सोडविण्याचा यत्न केला. हेच नाईक पुढें १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाचे चिटणीस होते.

ख्रिस्तसभाही मागें राहिली नाहीं. येशूसंघानें १९५३ सालीं मुंबईस सेंट झेवियर्स इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन काढिली. गोवा मुक्त झाल्यावर लागलीच, १९६३ सालीं, पणजीस निर्मला इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन धर्मभगिनींनीं सुरू केली; ती आधीं मुंबई विद्यापीठास व १९८५ नंतर गोवा विद्यापीठास जोडलेली. पोर्तुगीजांच्या साडेचारशे वर्षांत जें झालें नाहीं तें दोन वर्षांत झालें, असें एक गोवेकर धर्मगुरू आम्हांस गमतीनें म्हणत.

या पदवीसाठीं विद्यार्थी करतो तरी काय, असें पुष्कळांस वाटतें, "शिकवावयास काय शिकावयाचें?" हा जुना प्रश्न अजून मेलेला नाहीं. आमच्या महागुरूंच्या आज्ञेवरून आम्हींही एक वर्ष पुणें विद्यापीठाच्या या अभ्यासक्रमांत घालविलें, तेव्हां तो एक वर्षाचा होता. सेमिनरींत तत्त्वज्ञान व ईशज्ञान यांचीं वर्षें काढून आलेल्या मनुष्यास तेथें प्रथम जें जाणवतें तें हें कीं, देवळांत प्रवचन चाललें असतां कोणी हात वर करून "फादर, समजलें नाहीं" असें म्हणत नाहीं. सहावीच्या वर्गांत म्हणतात. न म्हणाले तरी त्यांचे डोळे म्हणतात.

प्रथम टाचण. कोणता घटक, मुलांस आधीं काय ठाऊक आहे, आज काय ठाऊक व्हावें, कोणते प्रश्न विचारावयाचे, फळ्यावर काय कोठें लिहावयाचें, हें सर्व आदल्या रात्रीं वहींत उतरवून त्यावर मार्गदर्शकांची सही घ्यावयाची. मग सूक्ष्म अध्यापन. ही रीत १९६३ च्या सुमारास अमेरिकेंत स्टॅनफर्ड विद्यापीठांत निघाली. सबंध पाठ न घेतां एकच कौशल्य, समजा प्रश्न विचारण्याचें, घेऊन सहा मिनिटें शिकवावयाचें. सहा मिनिटें सहाध्यायांनीं दोष सांगावयाचे. बारा मिनिटांत पुन्हा टाचण. पुन्हा सहा मिनिटें शिकविणें व पुन्हा सहा मिनिटें टीका. छत्तीस मिनिटांत मनुष्याचा गर्व बराच उतरतो. त्यानंतर खऱ्या शाळेंत सराव पाठ. मागच्या बाकावर निरीक्षक वही घेऊन बसलेले, आणि मुलांस हें नाटक पाठ असल्यामुळें तीं छात्राध्यापकास सांभाळून घेतात किंवा मुद्दाम घेत नाहींत. हर्बार्ट या जर्मन तत्त्वज्ञाच्या अनुयायांनीं घालून दिलेल्या पांच पायऱ्या, म्हणजे प्रस्तावना, प्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण व उपयोजन, या शंभर वर्षें या टाचणांतून वावरत आल्या आहेत. त्या कोणी यांत्रिकपणें चढला तर पाठ निर्जीव होतो, हें खरें. परंतु 'प्रस्तावना' याचा अर्थ मुलास जें आधीं ठाऊक आहे तेथून निघणें. प्रभू येशूनें पेरणारा, मासळीचें जाळें, हरवलेलें मेंढरूं यांपासून सुरुवात केली. हर्बार्टच्या शिष्यांनीं त्यास नांव दिलें इतकेंच.

याच शिक्षणाचा विटाळ कसा झाला, तेंही आम्हीं त्याच सुमारास पाहिलें. एका महाविद्यालयाच्या दारांतील दुकानांत प्रात्यक्षिकांच्या वह्या लिहिलेल्या तयार मिळत. विद्यार्थ्यानें वर नांव घालावयाचें तेवढें बाकी. हजेरी कशी भरली जाई तें आम्ही लिहीत नाहीं. महाराष्ट्रांत विनाअनुदान महाविद्यालयें झपाट्यानें वाढलीं, आणि पदवी ही शिकण्याची नव्हे तर मिळविण्याची वस्तु झाली. केंद्र सरकारनें १९९३ सालीं कायदा करून राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद वैधानिक केली व १९९५ पासून ती कामास लागली, तरी रोग हटला नाहीं. आमच्याच राज्यांतील २९१ डी. एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचें प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें, त्यांतून न्यायमूर्ति वर्मा आयोग निघाला, आणि २०१२ सालीं त्याचा अहवाल आला. त्या महाविद्यालयांपैकीं बहुतेक तपासणींत उतरलीं नाहींत. मग बी. एड. चें एक वर्ष वाढवून २०१५ पासून दोन वर्षें केलीं. औषध वाईट नव्हतें. परंतु ज्या घरीं एका वर्षाची फी व एका वर्षाची बुडालेली मजुरी मोठ्या कष्टानें सोसली जाई, त्या घरावर तें दुप्पट बसलें.

आमच्या लोकांच्या बाबतींत आणखी एक गोष्ट आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेविल्या. १९५६ सालीं शिखांस व १९९० सालीं बौद्धांस त्या मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्यांस नाहींत. महाराष्ट्रांत त्यांची गणना इतर मागासवर्गांत होते. म्हणून एकाच वस्तींतील, एकाच आडनांवाच्या दोन मुली एकाच महाविद्यालयांत बसतात आणि त्यांच्या फीच्या पावत्या मात्र निराळ्या असतात. त्यांच्या पणज्यांस ओट्यावर बसविणाऱ्या मास्तरनें असा भेद केला नव्हता.

पदवी हातीं आल्यावरची वाट अधिक लांब. २००० सालापासून राज्यांत 'शिक्षण सेवक' ही व्यवस्था आली : पहिलीं तीन वर्षें मानधनावर. माध्यमिकचें मानधन बरींच वर्षें ८,००० रुपये होतें. २०२३ सालीं तें १८,००० झालें. शिक्षक पात्रता परीक्षा राज्यांत २०१३ पासून आली. भरतीसाठीं सरकारनें जी संगणकीय व्यवस्था काढिली तिचें नांव 'पवित्र'. धर्मगुरू या नात्यानें त्या नांवावर कांहीं बोलणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. तिच्यापुढें तिष्ठत बसलेले आमचे तरुण मात्र बरेंच बोलतात. ११ ऑगस्ट २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं बी. एड. ही पहिली ते पांचवीच्या शिक्षकाची पात्रता नव्हे, तिकडे डी. एल. एड. च पाहिजे. ती जुनी भिंत आम्हीं वर सांगितली ती हीच. आमच्या मतें निवाडा मुळांत बरोबर आहे, कारण सहा वर्षांच्या पोरास वाचावयास शिकविणें हें स्वतंत्र शास्त्र आहे. पण दोन वर्षें व कर्ज खर्चून बसलेल्या मुलीस तें बरोबर आहे हें सांगावयास आम्हांसच जावें लागतें. पुढें १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानें सेवेंतील शिक्षकांसही, निवृत्तीस पांच वर्षांहून अधिक अवधि असेल तर, दोन वर्षांत पात्रता परीक्षा उतरण्यास सांगितलें. अल्पसंख्य संस्थांच्या शाळांस हा कायदा कितपत लागू, हा प्रश्न मोठ्या पीठापुढें पाठविला. वीस वर्षें फळ्यापुढें उभ्या असलेल्या बाईंनीं परीक्षेचीं पुस्तकें पुन्हा उघडलीं आहेत, असें दृश्य आमच्या धर्मग्रामांतील एकाहून अधिक घरांत दिसेल. २०२० च्या धोरणानें तर बारावीनंतरची चार वर्षांची एकत्र पदवी हाच पुढचा रस्ता म्हणून सांगितला आहे.

आतां त्या आईबापांच्या प्रश्नाकडे. मुलीस शिकविण्याची खरी आवड असेल तर घालावी. नोकरी लवकर लागेल म्हणून घालावयाची असेल तर घालूं नये. महाविद्यालय निवडतांना तेथील सराव पाठ कोणत्या शाळेंत होतात तें स्वतः जाऊन पाहावें, इमारत पाहूं नये. लहान मुलांची आवड असेल तर बी. एड. च्या आधीं डी. एल. एड. चा विचार करावा. आणि लग्नाच्या बाजारांत पदवीचा भाव वाढतो या हिशोबानें कोणी येत असेल तर त्यानें आमच्याकडे सल्ल्यास येऊं नये. २०१४ पासून आमच्या विद्यापीठास सावित्रीबाई फुले यांचें नांव आहे. नगरांत शिकविण्याचें शिक्षण घेतलेल्या बाईचें नांव पदवीच्या कागदावर घेऊन नगरची मुलगी घरीं येते, यांत आम्हांस समाधान वाटतें.

ज्युबिली समितीनें ठराव करून जमलेल्या निधींतून दरसाल दोन विद्यार्थ्यांस शिक्षक-शिक्षणाच्या फीसाठीं बिनव्याजी रक्कम देण्याचें ठरविलें आहे. परतफेड मानधन सुरू झाल्यावर हप्त्यांनीं. अर्ज कचेरींत मिळतील, डी. एल. एड. च्या विद्यार्थ्यांसही तो करतां येईल. तसेंच जुन्या मास्तरांच्या घरीं टाचणवह्या, ट्रेनिंगचे दाखले, शाळेच्या हजेऱ्या अगर मिशनचीं पत्रें असतील तर तीं वाळवीच्या आधीं आम्हांस दाखवावीं. नक्कल करून घेऊन मूळ कागद त्याच दिवशीं परत केले जातील.